बोलणारा हरवलेली वचने : पब्लिलियस सायरस आणि रोमन शहाणपण

प्लिनी हा रोमन ग्रंथकार आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथाच्या पस्तिसाव्या खंडात एके ठिकाणी खडूच्या मातीचे प्रकार सांगतो. एक माती चांदी उजळण्याच्या कामाची. त्याहून हलकी, अगदी स्वस्तातली माती दोन कामांना लागे : शर्यतीच्या मैदानात विजयाची रेघ आखायला, आणि समुद्रापलीकडून विक्रीसाठी आणलेल्या गुलामांच्या पायांवर खूण करायला. एवढे सांगून प्लिनीला एक जहाज आठवते. त्या एकाच जहाजातून आलेली तीन माणसे आपल्या पूर्वजांनी पाहिली होती, असे तो लिहितो. त्यांतला एक पुढे ज्योतिर्विद्येत नावाजला, दुसरा व्याकरणात, आणि तिसरा रोमच्या मिमस-रंगभूमीचा प्रवर्तक ठरला. हा तिसरा माणूस म्हणजेच पब्लिलियस सायरस, असे सामान्यतः मानले जाते. 'सायरस' याचा अर्थ एवढाच : सीरियाचा. गुलामाला त्याच्या मुलखावरून हाक मारण्याची ती रीत होती.

आज 'रोमन सुविचार' म्हणून जी वचने फिरतात, त्यांतली पुष्कळशी या माणसाची आहेत. गरजवंताला जो लवकर देतो तो दुप्पट देतो. जे एकावर ओढवू शकते ते कोणावरही ओढवू शकते. अपराधी सुटला की न्यायाधीशच दोषी ठरतो. अशा आशयाच्या सुमारे सातशे एकोळी वचनांचा संग्रह त्याच्या नावावर आहे. ती ओळीच्या आद्याक्षरानुसार लावलेली आहेत. विषय, प्रसंग, पात्र यांचा त्या क्रमाशी काही संबंध नाही. ज्या नाटकांतून ही वचने उचलली गेली ती नाटके नष्ट झाली. नाटकांची एखाददुसरी नावे तेवढी उरली आहेत, आणि त्यांतल्या एका नावाचा अर्थ 'छाटणी करणारे' असा आहे. संग्रहाचे याहून नेमके वर्णन कोणी मुद्दाम करायला बसले तरी साधणार नाही.

या वचनांकडे आपण 'शाश्वत शहाणपण' म्हणून पाहतो. ती मुळात संवाद होती. एका पात्राने दुसऱ्या पात्राला, एका अडचणीत, प्रेक्षकांकडे एक डोळा ठेवून म्हटलेली वाक्ये. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही पुसले गेल्यावर जे उरले त्याला जगाने नीती म्हटले. या पुसण्याने काय मिळाले आणि काय गेले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

अनवाणी रंगभूमी

'माइम' म्हटले की आज मूकाभिनय डोळ्यांपुढे येतो. रोमन मिमस मात्र चांगलाच बोलका होता. शोकांतिकेतले नट उंच बूट आणि मुखवटे घालत. मिमसमधले नट अनवाणी आणि उघड्या चेहऱ्याने वावरत. इतर रोमन नाटकांत स्त्रियांची कामे पुरुष करत. मिमसमध्ये स्त्रिया स्वतः रंगमंचावर येत. विषय रोजच्या जगण्यातले : व्यभिचार, वारसाहक्क, फसवलेला मालक, चलाख नोकर. हजरजबाबीपणाला मोठा मान होता. आपल्याकडच्या बतावणीची आठवण व्हावी असा हा प्रकार, आणि प्रतिष्ठितांनी त्याला दिलेली वागणूकही तशीच : पाहायला सगळे येत, पण नटाला रोमन कायद्याने नागरी प्रतिष्ठेतून वगळलेले असे.

अशा रंगभूमीवर पब्लिलियस कसा पोचला, हे पाचव्या शतकातला मॅक्रोबियस सांगतो. लहानपणी त्याला त्याच्या मालकाच्या आश्रयदात्याकडे नेले होते. तिथे अंगणात जलोदर झालेला एक गुलाम उन्हात पडलेला होता. हा इथे उन्हात काय करतो आहे, असे आश्रयदाता खेकसला. त्यावर, पाणी तापवतो आहे, असे उत्तर या पोराने दिले. उत्तर आवडले. पुढे जेवणाच्या वेळी, त्रासदायक विश्रांती कोणती, अशी चर्चा निघाली, तेव्हा संधिवाताने जखडलेले पाय, असे त्याने सांगितले. अशा विनोदांमुळे, आणि मॅक्रोबियस म्हणतो त्याप्रमाणे रूपामुळेही, त्याला मुक्ती मिळाली आणि चांगले शिक्षणही.

पब्लिलियसच्या चातुर्याचा पुरावा म्हणून ही कथा सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थही नजरेआड करू नये. एक गुलाम पोर दुसऱ्या आजारी गुलामाची थट्टा करते आणि त्या थट्टेच्या मोलाने स्वतः सुटते. वाक्य चटकदार असणे हा इथे साहित्यगुण नाही, तो जगण्याचा मार्ग आहे. आणि ज्याच्यावर विनोद झाला त्याला या कथेत नावही नाही. कथा खरी असो वा रचलेली, चटकदार वाक्याची किंमत कोण मोजते हे तिच्यात उघड दिसते.

दोन सायरस

पब्लिलियसच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग इ.स.पू. ४६च्या सुमाराचा आहे. यादवी युद्ध जिंकून आलेल्या ज्युलियस सीझरने खेळ भरवले होते. इटलीतल्या गावोगावी नाव मिळवलेल्या पब्लिलियसने तिथे येऊन सर्व मिमसलेखकांना आव्हान दिले : ऐनवेळी मिळालेल्या विषयावर रचून, करून दाखवा. उतरलेल्यांत डेसिमस लेबेरियस होता. तो साठ वर्षांचा, अश्वारोही वर्गातला, म्हणजे सिनेटरांच्या खालोखाल मान असलेला नागरिक. मिमस लिहिणे त्याला चालत असे. रंगमंचावर स्वतः उभे राहिले की मात्र तो दर्जा जाई. सीझरने त्याला उभे राहायला लावले. सर्वसत्ताधीशाची विनंती कशी असते हे सांगायला नको.

लेबेरियसने सूड घेतला तो नाटकातूनच. फटके खाऊन पळणाऱ्या सायरस नावाच्या गुलामाचे सोंग घेऊन तो रोमन नागरिकांना उद्देशून ओरडला की आपण स्वातंत्र्य गमावत आहोत. मग आणखी एक वाक्य आले : ज्याला पुष्कळजण भितात त्याला पुष्कळांची भीती बाळगावीच लागते. सगळ्या प्रेक्षागृहाची मान सीझरकडे वळली. सीझरने विजयाचा मान पब्लिलियसला दिला. लेबेरियसला पाच लाख सेस्टर्स आणि दर्जा परत मिळाल्याची खूण म्हणून सोन्याची अंगठी दिली.

या प्रसंगाची रचना पाहा. जन्माने स्वतंत्र असलेला एक माणूस जबरदस्तीने गुलामाचे सोंग घेतो आणि स्वातंत्र्य गेल्याचे सांगतो. त्याच स्पर्धेत सायरस हेच नाव वागवणारा, खराखुरा गुलाम राहिलेला माणूस त्याला हरवतो. 'स्वातंत्र्य' हा एकच शब्द दोघांच्या तोंडी एकाच अर्थाने असणे शक्य नाही. लेबेरियसचे स्वातंत्र्य म्हणजे सीझरपूर्व काळातला नागरिकाचा मान. पब्लिलियसचे स्वातंत्र्य म्हणजे आपले शरीर आपल्या मालकीचे असणे. पहिले स्वातंत्र्य ऐन भरात होते तेव्हाही दुसऱ्याचे पाय खडूने रंगवलेलेच होते.

लेबेरियसने सीझरवर रोखलेले हे वाक्य थोड्या फरकाने पब्लिलियसच्या संग्रहातही आहे. सेनेका ते लेबेरियसचे म्हणून देतो. कोणी कोणाचे घेतले, की पुढच्या एखाद्या संकलकाने ते चुकीच्या नावाखाली नेऊन ठेवले, याचा निकाल लावता येत नाही. एक गोष्ट मात्र कळते. रंगमंचावर ज्या वाक्याने शेकडो माना एका माणसाकडे वळवल्या, ते संग्रहात गेल्यावर कोणाकडेच बोट दाखवत नाही. ते फक्त खरे उरते.

चार वचने, एक घर

संग्रहातली चार वचने शेजारी ठेवून पाहू. मूळ क्रमात ती एकमेकांपासून दूर आहेत. पहिले असे सांगते की उपकार घेणे म्हणजे स्वातंत्र्य विकणे. दुसरे : दुसऱ्याच्या मर्जीने जगणे यासारखे दुःख नाही. तिसरे : जो हुशारीने चाकरी करतो त्याच्या हाती धनीपणाचा काही वाटा येतो. चौथे : जे बदलता येत नाही ते सोसावे, त्याला दोष देऊ नये.

सुट्या वचनांत पहिले स्वाभिमानाचे, तिसरे व्यवहाराचे, चौथे धीराचे वाटते. शाळेच्या फळ्यावर यांतले कोणतेही खपून जाईल. पण ही वाक्ये ज्या समाजात लिहिली गेली तिथे मुक्त झालेल्या गुलामावर माजी मालकाचे ऋण कायद्याने कायम राहत असे. त्याचा आदर राखणे बंधनकारक होते, आणि बहुधा ठरावीक दिवसांची सेवा देण्याची शपथही घेतलेली असे. मुक्ती हाच सर्वांत मोठा उपकार, आणि तो घेऊन माणूस पूर्ण मोकळा होत नसे. अशा माणसाच्या लेखणीतून उपकार म्हणजे स्वातंत्र्याची विक्री हे वाक्य येते, तेव्हा तो बाणेदारपणाचा उपदेश राहत नाही. तो स्वतःच्या अवस्थेचा हिशेब होतो.

चौथ्या वचनाचे तर दोन अर्थ होतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एका गुलामाने दुसऱ्याला रात्री हळूच सांगितले तर ते जगून राहण्याचे शहाणपण आहे : आज गप्प बस, उद्या पाहू. तेच मालकाने सांगितले तर तो चाबूकच आहे, फक्त शब्दांचा. व्याकरण एकच, शब्द तेच. नीती मात्र बोलणाऱ्यागणिक बदलते. संग्रहाने बोलणारा काढून टाकला तेव्हा हा फरकही काढून टाकला. आणि संग्रह ज्यांच्या हाती राहिला ते बहुतेक शिक्षक, पालक आणि धनी असल्यामुळे दुसरा अर्थ आपोआप प्रचारात आला.

स्त्रियांविषयीच्या वचनांचेही तसेच. स्त्री एक तर प्रेम करते किंवा द्वेष, तिसरे काही नाही. एकटी असताना ती विचार करते ते वाईटच : अशी वचने संग्रहात आहेत आणि रोमन स्त्रीद्वेषाचा दाखला म्हणून ती दिली जातात. तो द्वेष त्या समाजात होता, यात शंका नाही. तरी मिमसमध्ये व्यभिचाराची कथानके आवडीची होती, त्यांत फसणारा नवरा हा हसण्याचा विषय असे, आणि समोर खरोखरीची स्त्री उभी असे, हे लक्षात घेतले तर एक शक्यता दिसते. हे वाक्य त्या फसलेल्या नवऱ्याचे असेल, आणि पुढच्याच ओळीत बायकोने त्याला गप्प केले असेल. तसे होतेच असे म्हणता येत नाही. पण संग्रहाने आपल्यापर्यंत एकच बाजू पोचवली हे निश्चित.

परस्परविरोधाचा उलगडाही इथेच होतो. एक वचन सांगते की एकदाच ठरवायचे त्यावर दीर्घ विचार करावा. दुसरे सांगते की विचार करता करता संधी निघून जाते. नीतिग्रंथ म्हणून वाचले तर हा गोंधळ आहे. नाटक म्हणून वाचले तर ही दोन पात्रे आहेत, आणि कदाचित त्यांचे भांडण चालू आहे.

टाळ्या कोण वाजवतो?

बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही महत्त्वाचा. ही गोष्ट सर्वांत नीट ओळखली ती सेनेकाने. पब्लिलियसच्या वचनांचा तो चाहता होता. ती अनवाणी नटांपेक्षा शोकांतिकेतल्या नटांना शोभतील अशी आहेत, असे त्याने लिहिले. लुसिलियसला लिहिलेल्या १०८व्या पत्रात तो नाट्यगृहाचे वर्णन करतो. गरिबाला पुष्कळ गोष्टी कमी पडतात, लोभ्याला सगळेच कमी पडते, अशा आशयाची ओळ आली की टाळ्या पडतात, आणि सर्वांत लोभी माणूसही स्वतःच्या दुर्गुणाची निंदा ऐकून खूश होतो. सेनेकाला यात आशा दिसते : हेच तत्त्वज्ञाने सांगितले तर परिणाम आणखी होईल. आपल्याला यात दुसरेही काही दिसते. लोभ्याची टाळी ही वचनाच्या यशाची खूण आहे, तशीच अपयशाचीही. वचन इतके सर्वसाधारण झाले की ते आपल्याबद्दल आहे असे कोणालाच वाटत नाही. स्वतः सेनेकाने चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स मिळवले, असा आरोप त्याच्या एका विरोधकाने केल्याचे टॅसिटसने नोंदवले आहे. त्यामुळे या टाळीचा आवाज त्याला अनोळखी नसावा.

पण सेनेकाच्याच दोन पत्रांत या दुखण्यावरचा उताराही आहे. ३३व्या पत्रात लुसिलियस वेचक वचनांचा संग्रह मागतो आणि सेनेका नकार देतो. मुलांना अशी वाक्ये पाठ करायला द्यावीत. वाढलेल्या माणसाने दुसऱ्याच्या वाक्यांवर टेकून राहणे लाजिरवाणे आहे, त्याने स्वतः काही बोलावे, असे त्याचे सांगणे आहे. ४७व्या पत्रात तो एका प्रचलित रोमन म्हणीलाच हात घालतो. जितके गुलाम तितके शत्रू, अशी ती म्हण. सेनेका म्हणतो, ते आपले शत्रू नसतात, आपण त्यांना शत्रू करतो. त्याने फक्त एवढे विचारले : ही म्हण कोणाची? उत्तर स्पष्ट होते, मालकांची. बोलणारा दिसला आणि म्हणीतले सनातन सत्य गळून पडले; उरली ती एका वर्गाची भीती. म्हणीची समीक्षा कशी करावी याचा इतका स्वच्छ नमुना प्राचीन साहित्यात दुसरा सहज सापडत नाही.

संग्रहाचा प्रवास

सेनेकाचे ३३वे पत्र पुढच्या काळाने मनावर घेतले नाही. दुसऱ्या शतकात ऑलस जेलियसने पब्लिलियसची निवडक वचने संभाषणात वापरण्याजोगी म्हणून नोंदवली. चौथ्या शतकातल्या संत जेरोमने ती शाळेत वाचली होती. एका मुलीच्या संगोपनाविषयी तिच्या आईला लिहिताना, जी सवय लागू दिली तिच्याबद्दल मग रागावणे कठीण, या अर्थाची ओळ तो शाळेतली म्हणून देतो. मध्ययुगात हस्तलिखितांमध्ये वचनांचा उत्तरार्ध गळला, त्या जागी गद्य सुविचार भरले गेले, आणि सगळ्याला नाव मिळाले 'सेनेकाची वचने'. सीरियाहून विकायला आणलेल्या माणसाचे शब्द सम्राटाच्या मंत्र्याच्या नावाने फिरू लागले. इरॅस्मसने १५१४मध्ये ही वचने संपादून छापली. याच इरॅस्मसचा म्हणींचा कोश १५००मध्ये सुमारे आठशे नोंदींचा होता, तो १५३६पर्यंत चार हजारांवर गेला; युरोपातल्या सुशिक्षितांच्या बोलण्यात रोमन शहाणपण मुरले ते मोठ्या प्रमाणात त्यातून.

१८०२मध्ये निघालेल्या 'एडिनबरा रिव्ह्यू' या नियतकालिकाने न्यायाधीशाविषयीचे वचन ब्रीदवाक्य म्हणून घेतले. त्याच्या संस्थापकांपैकी सिडनी स्मिथ याने पुढे सांगून टाकले की आमच्यापैकी कोणीही या लेखकाची एक ओळसुद्धा वाचलेली नव्हती. हा विनोद आहे, पण संग्रहाच्या प्रवासाचे शेवटचे टोकही आहे. वचन इतके स्वयंपूर्ण झाले की ते वापरायला ते कोठून आले हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

निनावीपणाची दुसरी बाजू

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बोलणाऱ्यापासून सुटणे हाच तर म्हणीचा धर्म. 'लोक म्हणतात' हेच तिचे बळ. लेबेरियसचे वाक्य सीझरपर्यंत पोचले ते ते सर्वसामान्य सत्याच्या रूपात होते म्हणून. वाक्यात नाव नव्हते. माना प्रेक्षकांनी वळवल्या. ऑगस्टसचा मुक्त गुलाम म्हणून ओळखला जाणारा कथाकार फीड्रस आपल्या तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बोधकथेचे मूळच असे सांगतो : मनातले उघड बोलण्याची सोय नसलेल्या गुलामाने ते प्राण्यांच्या गोष्टींत दडवले. निनावीपणा हे दुर्बळाचे चिलखत आहे. मग तो गेला की राहिला याची खंत कशाला?

आक्षेप मान्य आहे, पण त्यात दोन वेगळे निनावीपणे एक झाले आहेत. एक बोलणारा स्वतः पांघरतो. तिथे बोलणारा समोर उभा असतो, ऐकणाऱ्याला तो कोण हे ठाऊक असते, आणि वाक्य कोणावर आहे हेही ठाऊक असते; फक्त पकडता येत नाही. दुसरा संकलक लादतो. तिथे बोलणाराही नाही आणि नेमका ऐकणाराही नाही, म्हणून वाक्य कोणालाच बोचत नाही. पहिल्यात वचन धोक्याचे असते, दुसऱ्यात सोयीचे. पब्लिलियसच्या वचनांची आजची गुळगुळीत चमक या दुसऱ्या प्रकारातून आली आहे.

मग वाचायचे कसे? नाटके परत मिळणार नाहीत, आणि कल्पनेने ती रचत बसणे म्हणजे अभ्यास नव्हे. पण प्रत्येक वचनाजवळ थांबून तीन प्रश्न विचारता येतात : हे कोण म्हणू शकेल, कोणाला, आणि कोणाच्या तोंडी ते खोटे ठरेल? वारसाचे रडणे हे मुखवट्याआडचे हसू असते, या आशयाचे त्याचे एक वचन जेलियसनेही वेचले आहे. ज्या रंगभूमीवर मुखवटेच नव्हते तिथे, उघड्या चेहऱ्याच्या नटाने ते म्हटले होते, एवढे आठवले तरी ओळीतले उपरोधाचे पाणी परत वर येते. मुखवटे प्रेक्षागृहात होते.

पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये ट्रिमाल्किओ हा मुक्त होऊन अफाट धनाढ्य झालेला गुलाम जेवणाच्या पंक्तीत विचारतो की सिसेरो आणि पब्लिलियस यांत फरक तो काय. मग स्वतःच सांगतो की पहिला अधिक वक्तृत्वसंपन्न, दुसरा अधिक सच्छील. पेट्रोनियसला इथे ट्रिमाल्किओच्या अडाणीपणावर हसायचे आहे, आणि वाचक शतकानुशतके त्याच्यासोबत हसत आले. पण त्या पंक्तीतले बहुतेक पाहुणे त्याच्यासारखेच मुक्त गुलाम आहेत आणि त्यांचे बोलणे म्हणींनी भरलेले आहे. सिसेरोची भाषणे त्यांच्यासाठी लिहिलेली नव्हती. पब्लिलियसची वाक्ये त्यांच्यातल्याच एकाची होती, आणि ती कोणाविषयी आहेत हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ट्रिमाल्किओचा निकाल साहित्यदृष्ट्या चुकीचा असेल. वाचक म्हणून तो सिडनी स्मिथच्या मंडळींपेक्षा त्या वचनांच्या कितीतरी जवळ होता.